फिरत्या घरापुढे कोणती गाडी जोडावी?

मुंबईहून येणारा महामार्ग ६६ बावनदी ओलांडतो, निवळीचा घाट चढतो आणि पुढे हातखंब्याच्या तिठ्यावर येतो. उजवीकडे वळलं की रत्नागिरी. सरळ गेलं की पाली, आणि पालीहून एक फाटा नाणीज, साखरपा करत आंबा घाटातून कोल्हापूरला चढतो. मुंबईहून गोव्याकडे निघालेला आणि घाटावरून कोकणात उतरलेला, दोघेही या पट्ट्यातून जातात. इथल्या उताराची ओळख रत्नागिरीकरांना करून द्यायला नको. जयगडहून निघालेला गॅसचा टँकर कलंडला आणि महामार्ग तासन्‌तास बंद पडला, अशा बातम्या वर्तमानपत्रांत येत राहतात. कलंडणाऱ्या या गाड्यांच्या इंजिनात ताकद कमी नसते. चढ त्यांनी बिनतक्रार चढलेला असतो. घात होतो तो उतारावर, वळणावर, मागचं वजन पुढच्याला ढकलू लागलं की.

आपल्या गाडीमागे फिरतं घर जोडून कोकण पाहायला निघणाऱ्याने गाडी निवडताना आधी हा उतार डोळ्यांपुढे आणावा. शोरूममध्ये त्याला अश्वशक्ती आणि टॉर्क ऐकवला जाईल. तो आकडा खरा असतो, पण प्रश्न निराळाच असतो. ट्रेलर ओढणारी गाडी चढासाठी निवडायची नसते, ती उतारासाठी निवडायची असते.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा विषय आपल्याकडे कागदावर तरी आला. आज रस्त्यावर दिसणाऱ्या कॅराव्हॅन बहुतेक करून टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीच्या सांगाड्यावरच बांधलेल्या असतात. घर आणि इंजिन एकाच चाकांवर. चालवायला ते सोपं. पण गणपतीपुळ्याला मुक्काम ठोकल्यावर मालगुंडला केशवसुतांचं स्मारक बघायचं म्हटलं, तरी अख्खं घर गुंडाळून न्यावं लागतं. ट्रेलरचा फायदा इथे आहे. तो माडाखाली उभा करायचा, गाडी सोडवून घ्यायची आणि जयगडचा किल्ला असो की रत्नागिरीचा बाजार, मोकळं हिंडायचं. मुक्काम संपला की पुन्हा हुकाला अडकवायचं. या सोयीची किंमत मात्र प्रवासात मोजावी लागते, कारण आता रस्त्यावर दोन गाड्या धावत असतात आणि चालक एकालाच असतो.

गाडीमागे ट्रेलर ही गोष्ट आपल्याला नवी मुळीच नाही. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलिसच्या जीपगाड्या जोडायला सुरुवात केली. मूळच्या लष्करी जीपचा जोडीदार म्हणजे पाव टनाचा दुचाकी ट्रेलर. बिनब्रेकचा आणि बुटका. चालायचं, कारण वजन थोडं होतं आणि वेग त्याहून थोडा. आज आपल्याला त्याच पद्धतीने पलंग, ओटा, पाण्याची टाकी, संडास आणि एसी ओढायचा आहे, तोही ताशी ऐंशीने. त्यामुळे जुना अंदाज कामाचा नाही.

आधी चढाचं बघून टाकू, कारण तो भाग सोपा आहे. माणसं आणि सामान धरून गाडी २,१०० किलो आणि भरलेला ट्रेलर १,२०० किलो, म्हणजे एकूण ३,३०० किलो. घाटरस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचा सर्वसाधारण चढ वीसास एक इतका असतो. जुन्या घाटांत तो जागोजागी त्याहून खडा होतो. पंधरास एकचा चढ धरला आणि ताशी ४० किलोमीटरने चढायचं ठरवलं, तर चाकांपाशी सुमारे ४० अश्वशक्ती लागते. आजची साधी हॅचबॅकसुद्धा याच्या दुप्पट ताकद कागदावर दाखवते. मग ती का दमते? तर तिची ताकद इंजिन चार-साडेचार हजार फेऱ्यांवर नेल्याशिवाय हाती येत नाही. टर्बो डिझेलची गोष्ट वेगळी. स्कॉर्पिओ-एनच्या २.२ लिटर डिझेलचा ४०० न्यूटन-मीटरचा जोर १,७५० फेऱ्यांपासूनच मिळतो. मारुती जिम्नीचं १.५ लिटर पेट्रोल इंजिन १३४ न्यूटन-मीटर देतं आणि तेही ४,००० फेऱ्यांवर. दोन्ही गाड्या चढतील, पण एक गुणगुणत आणि दुसरी किंचाळत.

चढावर खरा जीव जातो तो क्लचचा. घाटात पुढे ट्रक अडकला, आपण थांबलो, आता हे ३,३०० किलो वजन चढावर शून्यातून हलवायचं आहे. क्लच अर्धा दाबून गाडी तोलत राहिलात तर आंबा घाटाच्या माथ्यावर पोचेपर्यंत जळका वास येईल. इथे टॉर्क कन्व्हर्टरची जुन्या धाटणीची ऑटोमॅटिक गाडी सरस ठरते. सुटताना तिच्यात तेलच जोर पोचवत असल्यामुळे क्लचसारखं घासून झिजणारं काही नसतं. तिच्या गिअरच्या तेलाला थंड ठेवायची सोय मात्र चांगली हवी. डबल क्लचच्या ऑटोमॅटिक गाड्या अशा रांगत्या चढावर लवकर तापतात. मॅन्युअल घेणारच असाल तर लो रेंज असलेली फोरबायफोर हाताशी असणं चांगलं, पण लक्षात असू द्या: पार्टटाइम फोरबायफोर कोरड्या डांबरावर त्या गिअरात घालून वळणं घेतली की पुढच्या-मागच्या दांड्यांवर पीळ पडतो. लो रेंजचा उपयोग मुक्कामाच्या जागी, जांभ्याच्या चिखलात.

आणि ॲव्हरेज? ते विसरायचं. ट्रेलरचं उंच, सपाट तोंड हवेला आडवं येतं. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, म्हणून ऐंशीऐवजी साठ-पासष्टने चालवणं हा डिझेल वाचवायचा खात्रीचा उपाय. विजेवरच्या गाड्यांना वजन ओढण्याचं वावडं नाही, जोर तर त्यांच्याकडे भरपूरच असतो. पण ट्रेलर जोडला की त्यांचा पल्ला इतका घटतो आणि चार्जिंगच्या जागी ट्रेलरसकट उभं राहणं इतकं अवघड जातं, की कोकणच्या रस्त्यावर तूर्त ती हौस थोडी लवकरची आहे.

आता उतार. हेच ३,३०० किलो वजन पाचशे मीटर उंचीवरून खाली आणायचं म्हटलं, तर सुमारे १६ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पन्नास लिटर पाणी गार असताना चुलीवर ठेवून उकळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ही आहे. काही भाग टायर आणि हवा खातात, बाकीचा इंजिन आणि ब्रेक यांच्या वाट्याला येतो. चालकाने उतारभर ब्रेकवर पाय ठेवला तर डिस्क आणि पॅड लाल होऊ लागतात, त्यांची पकड सुटते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेकचं तेल उकळतं. ताज्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश आणि डॉट ४ चा २३० अंश असतो. पण हे तेल हवेतली ओल शोषतं, आणि ओल मुरली की तेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. कोकणाइतकी दमट हवा दुसरीकडे शोधावी लागेल. तेलात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी थांबत नाही. ट्रेलर ओढायचा तर ब्रेकचं तेल दोन वर्षांच्या आत बदलणं हा हौशीचा खर्च नव्हे.

ट्रकचालकांचा जुना नेम इथे कामी येतो: ज्या गिअरात चढ चढलात त्याच गिअरात उतार उतरा. न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणाऱ्याने ट्रेलरच्या वाटेला जाऊच नये. गिअरात उतरताना इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं. ऑटोमॅटिक असेल तर गिअर हाताने खाली आणून तिथेच रोखून धरायची सोय आहे ना, हे विकत घेण्यापूर्वी पाहावं. नाहीतर ती आपणहून वरचा गिअर टाकते आणि तुम्ही ब्रेकवर येता.

पण गाडीने एकटीने हे सगळं का करावं? ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. युरोप आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला ते सक्तीचे आहेत, आणि ऑस्ट्रेलियात दोन टनांच्या पुढे सगळ्या चाकांना ब्रेक, शिवाय हूक तुटला तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणाही लागते. साध्या प्रकारात ट्रेलर पुढच्या गाडीवर रेटू लागला की त्याच्याच दांड्यातला सरकता भाग आत जातो आणि ब्रेक ओढला जातो. स्वस्त आणि बिनविजेचा. लांब उतारावर मात्र ट्रेलर सतत रेटत असतो, त्यामुळे त्याचे ब्रेक सतत घासत राहतात. दुसऱ्या प्रकारात विजेचे ब्रेक असतात आणि त्यांचं नियंत्रण चालकापाशी. पुढच्या गाडीला हात न लावता फक्त ट्रेलरला ब्रेक देता येतो. घाटासाठी हाच चांगला. गाडी निवडताना म्हणूनच विचारायचं, की हिच्यात असा कंट्रोलर बसवायला आणि ट्रेलरचे दिवे जोडायला वायरिंगची सोय आहे का. आजच्या गाड्यांतली वायर कापून जोडलेला दिवा कधी संगणकाला खटकेल आणि डॅशबोर्डवर काय पेटेल, सांगता येत नाही.

वजनाचा दुसरा हिशेब हुकावरचा. बैलगाडी भरणाऱ्या माणसाला तो शाळेत न जाता येत असे. माल मागे झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. माल फार पुढे झाला की माना दबतात. अक्षाच्या किंचित पुढे वजन ठेवून मानेवर बेताचा दाब राखायचा. ट्रेलरच्या हुकाचं गणित तंतोतंत हेच आहे. युरोपात ट्रेलरच्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के भार हुकावर ठेवतात, अमेरिकेत १० ते १५ टक्के. हजार किलोंच्या ट्रेलरला ५० ते १५० किलो. तो मोजायला न्हाणीघराजवळचा वजनकाटा आणि एक फळी पुरते. भार कमी पडला तर ट्रेलर शेपटी हलवू लागतो, फार झाला तर गाडीचं नाक वर होतं.

नाक वर होतं म्हणजे किती? हूक मागच्या चाकांच्या अक्षापासून १.२ मीटर मागे आणि दोन्ही अक्षांमधलं अंतर २.७५ मीटर असेल, तर हुकावरच्या शंभर किलोंमुळे पुढच्या चाकांवरचे सुमारे ४४ किलो उचलले जातात आणि मागच्या चाकांवर १४४ पडतात. स्टिअरिंग हलकं लागतं, हेडलाइट समोरच्या चालकाच्या डोळ्यात जातात. आणि गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असेल तर पावसात, लाल मातीच्या चढावर, तीच चाकं जागच्या जागी फिरतात. दोन अक्षांमधलं अंतर जास्त, हूक अक्षाच्या जितका जवळ तितकं बरं, आणि जोर मागच्या चाकांना. चांगल्या ओढणाऱ्या गाडीची शरीररचना अशी असते. तीन दारांच्या थारचं हे अंतर २,४५० मिलिमीटर आहे, थार रॉक्सचं २,८५०. नाव एक, चेहरामोहरा एक, पण ट्रेलरपुढे जोडायला दुसरी कितीतरी अधिक स्थिर. पिकअपमध्ये हे अंतर तीन मीटरच्या वर जातं, पण तिचं मागचं शेपूटही लांब असतं, म्हणून नुसता एक आकडा बघून भागत नाही.

मे महिन्यात परत निघताना आपण काय करतो ते आठवा. पालीच्या अलीकडे-पलीकडे हापूसच्या पेट्या घेतल्या जातात. गाडीत माणसं असतात, मग पेट्या कुठे? ट्रेलरच्या मागच्या दारातून आत, मागच्याच कोपऱ्यात. जाताना ज्या ट्रेलरने त्रास दिला नाही, तो आता आंबा घाट संपून मलकापूरच्या सपाटीला गाडीने वेग घेतला की डोलू लागेल. चालक म्हणेल वारा आहे. तो वारा नसतो, आंबे असतात.

हे डोलणं फार लोक हलक्यात घेतात. प्रत्येक गाडी-ट्रेलर जोडीची एक वेगमर्यादा असते. तिच्या खाली ट्रेलरला बसलेला धक्का आपोआप शांत होतो. तिच्या वर गेलं की प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होतो आणि शेवटी ट्रेलर गाडीला आडवी करतो. धक्का द्यायला महामार्गावरची खासगी लक्झरी बस पुरते. ती शेजारून सुसाट जाताना हवेचा लोट आधी ट्रेलरला बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, जोरात ब्रेक मारायचा नाही, आणि वेग वाढवून सरळ करायचा प्रयत्न तर मुळीच नाही. विजेचे ब्रेक असतील तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हलकेच द्यायचा. जर्मनीसारख्या उत्तम रस्त्यांच्या देशात ट्रेलरवाल्या गाडीला सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० आहे आणि खास मंजुरी असेल तरच १००. आपल्या चौपदरी रस्त्याचे तयार झालेले तुकडे पाहून पाय दाबला जातो, तेव्हा हे आठवावं.

गाडी जड आणि ट्रेलर हलका असेल तर डोलण्याची ही मर्यादा वर सरकते. ब्रिटनमधल्या कॅराव्हॅनवाल्यांत एक ढोबळ नेम आहे: नवशिक्याने भरलेल्या ट्रेलरचं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नये. तो कायदा नाही, पण शहाणपण आहे. आता हा नेम कंपन्यांच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहू, कारण खरी गंमत इथे आहे.

आपल्याकडे गाडी घेताना ‘ही किती ओढू शकते’ याचं उत्तर माहितीपत्रकात सहसा सापडत नाही. गिऱ्हाईक विचारत नाही, कंपनी सांगत नाही. तीच गाडी जहाजात बसून ऑस्ट्रेलियाला उतरली की तिच्या कागदावर हा आकडा ठळक येतो, कारण तिथे बोट, घोडा नाहीतर कॅराव्हॅन ओढणं हा घरोघरचा उद्योग.  चाकणला बनणारी स्कॉर्पिओ-एन तिथे नुसती स्कॉर्पिओ म्हणून विकली जाते आणि ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी तिची मर्यादा २,५०० किलो दिलेली असते. चाकणचीच एक्सयूव्ही ७०० तिथे १,५०० किलोंची. भारतात बनलेली पाच दारांची जिम्नी १,३०० किलो, आणि ट्रेलरला ब्रेक नसतील तर फक्त ३५०.

या शेवटच्या आकड्यापाशी जरा थांबू. ब्रेकसह १,३००, बिनब्रेकचे ३५०. गाडी तीच, इंजिन तेच. ओढण्याची ताकद दोन्ही वेळा सारखीच असताना मर्यादा जवळजवळ पाऊणाने का घटली? कारण कंपनी गाडीची ताकद मोजत नाही, ती आवरायची कुवत मोजते आहे. शिवाय जिम्नीचं स्वतःचं वजन बाराशे किलोंच्या आसपास. ८५ टक्क्यांच्या नेमाने तिच्यामागे हजार किलोंचाच ट्रेलर शोभतो. दोन उत्तरांत तफावत असेल तेव्हा लहान आकडा आपला, असं मी मानतो. ऑस्ट्रेलियातला आकडा इथल्या गाडीला जसाच्या तसा चिकटवू नये, हेही खरंच. तिथल्या गाडीचा हूक, कूलिंग, सॉफ्टवेअर वेगळं असू शकतं, आणि तिथे आंबा घाट नसतो. पण कोणती गाडी या कामाच्या जातीची आहे आणि कोणती नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं.

आणखी एक फसगत प्रवासीभाराची. गाडीत एकूण किती वजन भरता येईल याला मर्यादा असते, आणि हुकावरचा भार त्यातच धरायचा असतो. समजा ती मर्यादा ६०० किलो आहे. पाच माणसं ३५० किलो, सामान ८०, टपावरचं कॅरिअर भरून ५०, हुकाची लोखंडी चौकट ३०, आणि हुकावर ट्रेलरचे १००. झाले ६१०. ट्रेलर मर्यादेत, गाडी मात्र मर्यादेबाहेर, आणि चालकाला पत्ता नाही. ट्रेलरचंही तसंच. विकणारा रिकामं वजन सांगतो. त्यात शंभर लिटर पाणी भरलं की शंभर किलो वाढले, घरगुती सिलिंडर भरलेला म्हणजे तीसेक किलो, बॅटरी, गाद्या, भांडी, आणि ‘असू दे बरोबर’ म्हणून घेतलेल्या गोष्टी. दोन-तीनशे किलो कधी वाढले कळत नाही. कोल्हापूरच्या बाजूला ऊस आणि कोकणात चिरा-वाळू यांच्यामुळे वजनकाट्यांची वाण नाही. सगळं भरून, माणसं बसवून, आधी गाडी-ट्रेलर जोडी आणि मग नुसता ट्रेलर काट्यावर घातला तर शे-दोनशे रुपयांत सगळे वाद मिटतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, म्हणून त्याची स्वतंत्र नोंदणी आणि विमा लागतो. केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत आहे. वजनाप्रमाणे ट्रेलरचे वर्ग पाडलेत: पाऊण टनापर्यंत टी-१, पुढे साडेतीन टनांपर्यंत टी-२. कलम ५२ मूळ बनावटीत मनमानी फेरफार करू देत नाही, त्यामुळे गल्लीतल्या वेल्डरकडून बंपरखाली हूक डकवून घेण्यापूर्वी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारणं शहाणपणाचं. वेल्डिंगचा हूक कागदासाठीच नव्हे, धातूसाठीही वाईट. हूक चासीच्या मूळ भोकांना बोल्टने आवळलेला हवा. आणि कलम ६१ मधली एक तरतूद बहुतेकांना ठाऊक नसते: ट्रेलरचा स्वतःचा नंबर त्याच्या बाजूवर, आणि त्याच्या पाठीवर ओढणाऱ्या गाडीचा नंबर. एमएच-०८ ची गाडी एमएच-०९ चा ट्रेलर घेऊन निघाली तर दोन्ही नंबर दिसले पाहिजेत.

मग घ्यावी कोणती? मोनोकॉक (वेगळा सांगाडा नसलेल्या) बांधणीच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मध्यम एसयूव्हीमागे मी पाऊण टनाच्या आतला, बुटका, घडीचा तंबू-ट्रेलरच जोडेन. दोन माणसांना तो पुरतो. जिम्नीलाही तेवढाच. बोलेरो कोकणात घराघरांत आहे, सांगाडा दणकट, जोर मागच्या चाकांना, मिस्त्री कुठेही सापडतो. पण २१० न्यूटन-मीटरचं इंजिन घाटात पूर्ण कॅराव्हॅनपुढे बापुडवाणं होतं. पाऊण ते एक टन, त्याहून पुढे नको. इनोव्हा क्रिस्टा लोक ट्रेलरसाठी विचारात घेत नाहीत, ते नवल आहे. लॅडर फ्रेम, मागच्या चाकांना जोर, ३४३ न्यूटन-मीटर डिझेल आणि २,७५० मिलिमीटरचं अंतर, म्हणजे वर सांगितलेली बहुतेक लक्षणं तिच्यात आहेत. नवी हायक्रॉस मात्र वेगळ्या बांधणीची, पुढच्या चाकांची. नावावर जाऊ नये. चौघांच्या कुटुंबासाठी बारा-तेराशे किलोंचा ब्रेकवाला ट्रेलर हवा असेल तर डिझेल ऑटोमॅटिक स्कॉर्पिओ-एन किंवा रॉक्स हा पैशांच्या मानाने सर्वांत समतोल पर्याय वाटतो. फॉर्च्युनरचे ५०० न्यूटन-मीटर अधिक आरामात चढतात, इसुझू व्ही-क्रॉसची लांबी सरळ रस्त्यावर अधिक स्थिर. पण उतारावर फरक पडतो तो या गाड्यांतल्या आपापसातल्या फरकाने नव्हे, ट्रेलरच्या ब्रेकने. पाच लाख जास्तीचे गाडीत घालण्यापेक्षा त्यातले काही ट्रेलरच्या विजेच्या ब्रेकमध्ये, चांगल्या टायरांत आणि रुंद आरशांत घालावेत.

गाडी आली, ट्रेलर आला, की पहिली फेरी गणपतीपुळ्याची ठरणार. निवळीहून चाफेमार्गे जावं. रत्नागिरीहून आरे-वारेचा रस्ता समुद्र दाखवतो खरा, पण अरुंद आहे, उतार खडे आहेत, आणि समोरून एसटी आली तर कुणीतरी मागे घ्यायला लागतं. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की तो उजवीकडे जातो. हे आधी एखाद्या मोकळ्या सड्यावर, सकाळी, बघायला कोणी नसताना शिकून घ्यावं. स्टिअरिंगच्या तळाशी हात धरायचा. मग हात ज्या बाजूला नेता, ट्रेलर त्याच बाजूला जातो.